पाच व्होल्टांचा जीव

आमच्या घरात बिघडलेली वस्तू भंगारात जाते, पण तिचा अ‍ॅडॉप्टर जात नाही. कॉर्डलेस फोन गेला, एकामागून एक राउटर गेले, सौ.चा इलेक्ट्रॉनिक तंबोरा बेसूर होऊन माळ्यावर चढला. त्यांचे अ‍ॅडॉप्टर मात्र श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात, एकमेकांच्या गळ्यात वायरी अडकवून, सुखाने नांदताहेत. ‘असू दे, कशाला तरी लागेल’ या एका वाक्यावर आमच्या पिढीचे संसार झाले. यातल्या निम्म्यांच्या टोकाला हुबेहूब एकच गोल पिन. आतून पाच व्होल्ट येवोत, नऊ येवोत की बारा, पिनेची जाडी तीच, लांबी तीच. कुठल्याही यंत्राच्या भोकात ती अशी सहज जाऊन बसते की आपण योग्यच केलं अशी खात्री पटावी.

या लेखातला सगळा दोष मी त्या पिनेवर ढकलणार होतो. सौ.ने पहिला कागद वाचला आणि म्हणाली, “पिनेवर नसेल लिहिलेलं, अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेलं असतं ना?” तेव्हा आता पहिल्यापासून सांगणं भाग आहे.

मूळ कारण मोदक. मागच्या गणपतीत नैवेद्याच्या एकवीस मोदकांतला एक, नैवेद्य दाखवण्याआधीच, नाहीसा झाला. घरात त्या वेळी बारकी पोरं होती, खाण्याच्या बाबतीत ख्याती असलेला मेहुणा होता आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारा मी होतो. चौकशी फक्त माझी झाली. ज्या माणसाने उभी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर काढली आणि संध्याकाळी कधी रुपया कमी पडू दिला नाही, त्याला भर आरतीत तोंड उघडून दाखवायला सांगितलं. तिथेच मी ठरवलं की पुढच्या वर्षी साक्षीदार यंत्रच. ताटाच्या एका बाजूला लेझर, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा एलडीआर. मध्ये हात आला की किरण तुटणार, बझर बोंबलणार आणि मेहुणा रंगेहाथ सापडणार. मेहुणाच सापडणार, हे यंत्र बनवायच्या आधीच नक्की होतं.

लेझर मॉड्यूल घरपोच आलं. बोटाच्या पेराएवढी पितळी नळी, मागे इवलीशी पट्टी, तिला तीन पाय. ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश, पाच मिलिवॉट, पाच व्होल्ट. किंमत शंभराच्या आत. एवढे पैसे पुण्यात रिक्षावाल्याला ‘राहू द्या, चालत जातो’ म्हणेपर्यंत खर्च होतात.

माझा लेझरशी काही संबंध नव्हता असं मात्र कोणी म्हणू नये. कार्बन डायऑक्साइड लेझर शोधून काढणारे चंद्रकुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्यांनी जो लेझर तयार केला, त्याच्या जातीचे लेझर पुढे कारखान्यांत पोलाद कापू लागले. त्या कॉलेजवरून मी वर्षानुवर्षं बसने बँकेत गेलो आहे, आणि खिडकीची जागा मिळाली तर त्याच्याकडे बघितलंही आहे. एवढ्या पूर्वतयारीने मी कामाला लागलो.

डब्यातून दोन अ‍ॅडॉप्टर लायकीचे निघाले. एकावर पाच व्होल्ट, दोन अ‍ॅम्पिअर. दुसऱ्यावर बारा व्होल्ट, एक अ‍ॅम्पिअर. शॉक लागून माणूस मरतो तो व्होल्टने की अ‍ॅम्पिअरने, यावर आमच्या बागेतल्या कट्ट्यावर एकदा कडाक्याचा वाद झाला होता आणि ‘मारतो तो अ‍ॅम्पिअर’ असा बहुमताने निकाल लागला होता. वस्तू नाजूक दिसत होती. तिला दोन अ‍ॅम्पिअर कसे झेपणार? म्हणून मी दयाबुद्धीने एक अ‍ॅम्पिअरवाला, बारा व्होल्टचा घेतला. (अ‍ॅडॉप्टरवरचा अ‍ॅम्पिअर म्हणजे तो फार तर किती देऊ शकेल त्याची मर्यादा. यंत्र आपल्याला लागेल तेवढंच घेतं. व्होल्ट मात्र तो देतोच देतो, घेणाऱ्याची इच्छा असो वा नसो. कट्ट्यावरच्या मंडळींना हे अजून मान्य नाही, म्हणून कंसात सांगतो.)

पिन बसली. समोरच्या भिंतीवर ठिपका उमटला तो असा लखलखीत, की माझा ऊर भरून आला. “अगं, बघ तरी!” मी ओरडलो, “पाच मिलिवॉट सांगतात आणि तिप्पट देतात. असा माल मिळतो का हल्ली?” ती हात पुसत येईपर्यंत ठिपका मावळला होता. खोलीत जळकट वास सुटला होता. “आमटी लागली की काय!” म्हणून ती तशीच मागे वळली. आमटी शाबूत होती.

लेझर मेला असं म्हणावं तर तो विझला नव्हता, आणि तीच त्याची लबाडी. नळीसमोर कागद धरला की लालसर उजेड पडे. चार बोटांवर बरा दिसे, हातभर लांब नेला की नाहीसा होई. अगदी निवृत्त अधिकाऱ्यासारखा: दिवा चालू, पोच कुठेच नाही. मला आपलेपणा वाटला, आणि याला पुन्हा कामावर रुजू करायचंच असं मी मनावर घेतलं. शंभराच्या आतली वस्तू दुरुस्त करायला किती खर्च यावा याला मर्यादा असते, हे बँकेतला माणूस दुसऱ्याला कर्ज देताना बरोबर ओळखतो.

आधी पुढचं भिंग उघडलं. ते आट्यांचं होतं, मागे स्प्रिंग होती. स्प्रिंगने सोफ्याखाली जी उडी घेतली ती शेवटी फ्रिजवरचं लोहचुंबक दोरीला बांधून बाहेर काढावी लागली. धुरामुळे भिंग मळलं असेल या अंदाजाने ते सौ.च्या नेलपॉलिश रिमूव्हरने पुसलं. भिंग प्लॅस्टिकचं होतं. रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असतो आणि असलं प्लॅस्टिक त्यात विरघळू लागतं. पुसायच्या आधी भिंगातून धूसर दिसत होतं, पुसल्यावर ते आंधळं झालं.

मग दोष सापडला. पट्टीवर तिळाएवढा एक रेझिस्टर होता आणि त्याची पाठ भाजली होती. वासाचा उगम तोच. आजार कळला म्हणजे निम्मा बरा झाला. भिंगाखाली धरून (हे भिंग वर्तमानपत्र वाचायचं, काचेचं) आकडा वाचला: ९१०. म्हणजे ९१० ओहम. कॅशिअरला आकडा वाचायला शिकवावं लागत नाही.

तापकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत दुकानं अशी की गिऱ्हाइकाने आत शिरायचं तर मालकाने श्वास आत घ्यावा लागतो, आणि जगातली कुठलीही वस्तू मागा, ती मालकाच्या डोक्यावरच्या खोक्यात असते.

“नऊशे दहा ओहमचा एक रेझिस्टर द्या.”

“एक नाही मिळणार. पट्टी घ्या.”

“पट्टी काय करू?”

“ते तुमचं तुम्ही बघा. कशासाठी हवाय, काका?”

मी लेझर दाखवला. त्याने तो हातात न घेताच सांगितलं, “टाकून द्या. नवीन देतो.” एका आजाऱ्याबद्दल डॉक्टरने दारातूनच असं बोलावं याचा मला राग आला. मी पट्टी घेतली. पांढरा, तपकिरी, तपकिरी अशा रंगपट्ट्यांचे गोंडस रेझिस्टर, आणि सोबत सोल्डरिंगची इस्त्री, कथलाची तार, रोझिन आणि एक मल्टिमीटर. ‘घरात असलेला बरा’ असं त्यानेच सुचवलं. वस्तू टाकून द्यायला सांगणारा माणूस एवढ्या गोष्टी विकून गेला, त्या अर्थी तो मला पहिल्या नजरेत ओळखून होता.

सोल्डरिंगबद्दल थोडक्यात सांगतो: जेवणाच्या टेबलावरच्या सनमायकाला पडलेला डाग आता टेबलमॅटखाली असतो. रेझिस्टर बसला. या वेळी पाच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला (आमटीची चौकशी झाल्यापासून मी लेबलं वाचू लागलो होतो). उजेड आधीपेक्षाही कमी. काजव्याने लाजून तोंड फिरवावं इतका.

तेव्हा समोरच्या ब्लॉकमधल्या मुलीला बोलावणं गेलं. ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते आणि मला आजोबा न म्हणता काका म्हणते, म्हणून तिच्या ज्ञानावर माझा विश्वास आहे. तिने जुना रेझिस्टर बघितला, नवा बघितला, आणि मोठ्या माणसाला न दुखवता कसं सांगावं याचा विचार करत उभी राहिली.

“काका, ९१० म्हणजे एक्क्याण्णव.”

“असं कसं? शून्य आहे ना पुढे!”

“तिसरा आकडा म्हणजे पुढे किती शून्यं द्यायची ते. इथे शून्य आहे, म्हणजे शून्य शून्यं.”

मी गप्प झालो. एका शून्याने चेक परत पाठवलेले लोक मला डोळ्यांसमोर दिसू लागले.

मग तिने वर्तमानपत्राच्या समासात हिशेब मांडला. लाल लेझरचा डायोड स्वतःपुरते सव्वादोन व्होल्ट ठेवून घेतो, उरलेला भार रेझिस्टर उचलतो. पाचातून सव्वादोन गेले, पावणेतीन राहिले, भागिले ९१: तीस मिलिअ‍ॅम्पिअर. डायोडला हवे तेवढेच. बारातून सव्वादोन गेले, पावणेदहा राहिले, भागिले ९१: एकशे सात. साडेतीन पटींहून जास्त. त्यात त्या तिळाएवढ्या रेझिस्टरवर वॉटभर उष्णता आली, आणि असल्या तिळाची ताकद सहसा वॉटच्या आठव्या हिश्शाची. म्हणून आमटी लागली. आणि माझ्या ९१० ओहमातून जेमतेम तीन मिलिअ‍ॅम्पिअर जात होते. लेझरला एक उंबरठा असतो, त्याच्या खालच्या करंटला धडधाकट डायोडही नुसता मिणमिणतो.

“म्हणजे ९१ चा घातला की झालं!” मला एकदम पालवी फुटली.

ती “हो... पण” म्हणाली. त्यातलं ‘हो’ ऐकून मी तापकीर गल्ली गाठली. मालकाने या वेळी न विचारताच पट्टी काढली.

९१ चा घातला. मिणमिणणं थोडं वाढलं, ठिपका आला नाही. मग मी ते ‘पण’ ऐकून घेतलं. आत लेझर म्हणून जो स्फटिक असतो त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्याची दोन टोकं हेच त्याचे आरसे. प्रकाश दोन टोकांमध्ये ये-जा करत वाढत जातो आणि एका टोकातून किरण होऊन निसटतो. करंट बेसुमार झाला की त्या टोकावर प्रकाशच इतका एकवटतो की आरसा वितळतो. आपल्याला ‘बघ तरी!’ म्हणायलाही सवड मिळत नाही. मला मिळाली, हे माझं नशीब. आरसा गेला की प्रकाशाला ये-जा उरत नाही, आणि मागे राहतो एक साधा, जरा अशक्त एलईडी.

“आरसा बदलता येतो?” मी इस्त्री हातात घेऊन विचारलं. तिने आधी इस्त्री माझ्या हातातून काढून घेतली.

या स्फटिकाचा इतिहास मी त्या रात्री वाचला आणि झोप उडाली. थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. दोन वर्षांनी रॉबर्ट हॉल यांनी अर्धवाहकाच्या कणातून काढला, पण तो द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांच्या गारठ्यात ठेवावा लागे, आणि तिथेही सलग चालत नसे, चमकून चमकून चाले. साध्या खोलीच्या उबेत सलग तेवणारा डायोड लेझर यायला १९७० उजाडलं. त्यामागे रात्रंदिवस खपलेल्यांपैकी झोरेस अल्फेरोव्ह यांना पुढे, २००० साली, नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. लेनिनग्राडपासून अमेरिकेपर्यंत एवढ्या थोरांनी मिळून खोलीच्या तापमानात जगवलेला जीव मी खोलीच्याच तापमानात, आमटी शिजेपर्यंत, संपवला होता.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी नवं मॉड्यूल आणलं. (मालक काही बोलला नाही. फक्त हसला. बोलला असता तर बरं होतं.) या वेळी मात्र सगळं शास्त्रशुद्ध. अपघाताचं मूळ व्होल्टेज मोजत बसण्यात आहे, लेझरला खरा लागतो तो नेमका करंट, असं माझ्या वाचनात आलं होतं आणि ते खरंच आहे. त्यासाठी एलएम ३१७ नावाची तीन पायांची चिप मिळते. तिच्या पायाला एक रेझिस्टर जोडायचा, सव्वा व्होल्ट भागिले तो रेझिस्टर, तेवढाच करंट ती पुढे सोडते. ४७ ओहम घातला की सत्तावीस मिलिअ‍ॅम्पिअरच्या आतबाहेर. इतका सुरेख भागाकार मी निवृत्तीनंतर केला नव्हता. चिपला स्वतःसाठी वर दोन-तीन व्होल्ट मोकळे लागतात, त्यामुळे पाचाचा अ‍ॅडॉप्टर अपुरा पडतो. म्हणजे तोच तो बाराचा, बदनाम अ‍ॅडॉप्टर, आता पूर्ण सन्मानाने परत आला. मॉड्यूलवरचा रेझिस्टर आता अनावश्यक म्हणून मीच उपटून टाकला. आणि करंट मऊसूत यावा म्हणून शेवटी एक कपॅसिटर लावला. शंभर मायक्रोफॅरडचा, कारण दुकानात तो सर्वांत रुबाबदार दिसत होता.

आता माझी सावधगिरी बघा. लेझर न जोडताच मी सर्किट चालू केलं. का? तर आधी मल्टिमीटरने तपासावं, खात्री करावी, मग जीव लावावा. मीटरने दहा व्होल्टच्या वर दाखवलं. मी म्हटलं, असू दे, चिप सांभाळेल. करंट तिच्या ताब्यात आहे. आणि चालू सर्किटला, श्वास रोखून, लेझर जोडला.

भिंतीवर लाल वीज चमकली. मग मिणमिण.

ती मुलगी आली. तिने सर्किट बघितलं आणि या वेळी मला न दुखवता सांगायचा प्रयत्न सोडून दिला. “काका, पुढे काही जोडलेलं नसेल तर चिप करंट कुणाला देणार? ती आपली व्होल्टेज चढवत बसते. तुमचा हा एवढा मोठा कपॅसिटर दहा व्होल्टला भरून बसला होता. तुम्ही लेझर टेकवल्याबरोबर त्याने सगळं एकदम ओतलं. चिपचा यात काही संबंधच आला नाही. आधी डायोड जोडायचा, मग बटण दाबायचं.”

म्हणजे पहिला लेझर मी निष्काळजीपणे मारला होता आणि दुसरा काळजी घेऊन. माझ्या अनुभवाने सांगतो, काळजी घेतल्यावर काम लवकर होतं.

तिसरा आणायला मी चपला घालत होतो तेव्हा तिने विचारलं की हा लावणार कुठे. मी पाटावरचं ताट दाखवलं. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “इथे आमच्या बिल्डिंगमधलं चिल्लर बसतं ना, मोदकाकडे टक लावून?” किरण नेमका त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत येत होता. एक मिलिवॉटपर्यंतच्या लेझरला आपली पापणी आपोआप मिटून डोळा वाचवते. हा पाचाचा. विसर्जन मिरवणुकांतल्या लेझरच्या झोतांनी डोळे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, पोलिसांचे बंदीहुकूम वाचतो, मंडळांच्या नावाने बोटं मोडतो. ती मोडणाऱ्यांत मी कट्ट्यावर आघाडीवर असतो. सौ. दारात उभी होती. “म्हणजे दुरुस्त झाला असता तरी लावता आला नसताच?” तिने विचारलं. मी चपला काढल्या.

पण बँकेतला माणूस बुडीत खातं सहजी मिटवत नाही. माझ्याकडे जमेला काय होतं? मिणमिणणारे लेझर, दोन. निरुपद्रवी, कारण किरण मेलेला. ९१० ओहमच्या रेझिस्टरची जवळजवळ अख्खी पट्टी, जिच्यातून तीन मिलिअ‍ॅम्पिअर जातात. म्हणजे एवढासाच लाल उजेड, तासन्‌तास, काहीही न तापता. आणि गणपतीच्या पायाशी एक शाडूचा उंदीर, ज्याचे डोळे रंगाऱ्याने दरवर्षीप्रमाणे तिरळे काढले होते. आतून नळ्या बसवल्या. पाच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावण्याआधी सौ.ने लेबल मोठ्याने वाचून दाखवलं.

मखरातले दिवे मालवले की उंदीरमामा असा काही बघू लागला, की ताटाजवळ यायची कुणाची छाती होईना. मोदक एकवीसचे एकवीस राहिले. मेहुण्याने मात्र ताट लांबूनच मोजलं, आणि ते मला संशयास्पद वाटलं.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी दर्शनाला आल्या. उंदराकडे बघून हरखल्या. “भावजी, कुठून आणलेत हो हे दिवे? इतका शांत उजेड बाजारात मिळतच नाही. आमच्या आरासीत कैलासावरचा शंकर केलाय, त्याच्या तिसऱ्या डोळ्याला अगदी असाच एक हवा होता.”

मी संकोचाने काही बोलणार, तेवढ्यात सौ.ने प्रसादाची वाटी त्यांच्या हातात दिली.

“त्यात काय, वहिनी! तुम्ही यांना फक्त एक नवाकोरा लेझर आणून द्या. संध्याकाळपर्यंत डोळा तयार करून देतील.”